पोच

दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर वर्षभर आईनं त्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडू दिला नाही. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी तिनंच किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. वर घरपट्टीच्या पावत्या, विम्याचे कागद, माझी आणि भावाची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. सगळ्यात खाली जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक जाडजूड फाईल. पुठ्ठ्यावर त्यांच्या गोलसर, किंचित कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मोरी. पोच प्रती.’

आत तेवीस अर्ज होते. पहिला जुलै २००९ चा, शेवटचा नोव्हेंबर २०१५ चा. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा शिक्का, शिक्क्यात हातानं लिहिलेला आवक क्रमांक, तारीख आणि कुणाची तरी घाईतली सही. काही शिक्के इतके पुसट झाले होते की कागद खिडकीकडे धरून वाचावे लागले.

दादा एका सरकारी कार्यालयात नोकरीला होते आणि नोकरीची पहिली अकरा वर्षं त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेलं टपाल उघडायचं, शिक्का मारायचा, बारनिशीत चढवायचं, ज्या टेबलाचं त्या टेबलाला द्यायचं आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. बारनिशी, म्हणजे टपालाची नोंदवही, हा शब्द मी त्यांच्याच तोंडून शिकले. पुढे ते बढती मिळून वर गेले, पण त्या पहिल्या टेबलाबद्दल जेवढं बोलायचे तेवढं नंतरच्या कुठल्याच खुर्चीबद्दल बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की कार्यालयात शिरलेला कागद पाण्यासारखा असतो. उतार मिळेल तिकडे जातो आणि बांध घातला नाही तर कुठे जिरला ते कळतही नाही. पोच हा पहिला बांध. अर्ज देऊन तसाच परत निघालेल्या माणसाला ते खिडकीतून हाक मारायचे, ‘ओ बाबा, पोच घेऊन जा.’ सुरगाणा-पेठकडून पहाटेच्या एसटीनं आलेल्या माणसाला पोच म्हणजे काय तेच ठाऊक नसायचं. मग दादा त्याला दुसरी प्रत करायला लावायचे. लिहिता येत नसेल तर स्वतः करून द्यायचे.

आपल्या भाषेत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. कुठे काय बोलावं, कसं वागावं हे ज्याला उमगत नाही त्याच्याबद्दल आपण म्हणतो, ‘त्याला काही पोच नाही.’ मला हे दोन्ही अर्थ एकाच घरातले वाटतात. समोरच्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं, हे ज्याला कबूल करता येतं तो पोच असलेला माणूस. सरकारकडून माझी सगळ्यात पहिली अपेक्षा हीच आहे. काम होईल, न होईल, पैसे असतील, नसतील. पण तुझं म्हणणं अमुक दिवशी माझ्याकडे आलं, ते मी घेतलं आणि माझं नाव हे, एवढं तरी सांग.

*

आमचं घर नाशिकला, मखमलाबादच्या बाजूला. पूर्वी तिथे शहर संपायचं आणि द्राक्षबागा सुरू व्हायच्या. आता बागा मागे सरकल्या आणि प्लॉट पडले. रस्ता वळतो तिथे एक चारी आडवी जाते आणि चारीवर एक मोरी आहे. खाली पाइप, वर स्लॅब. कठडा नव्हता. पावसाळ्यात चारी भरून रस्त्यावर यायची तेव्हा स्लॅब कुठे संपतो ते दिसायचं नाही. जुलै २००९ मध्ये एका पहाटे आमच्याकडे दूध घालणारा भाऊ मोटारसायकलसकट खाली गेला. कॅन खाली, माणूस मध्ये, गाडी वर. मांडीचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणावर होता. लोकांनी त्याला वर काढलं तेव्हा दादा तिथे होते. चारीचं गढूळ पाणी दुधानं पांढुरकं होऊन पुढे चाललं होतं, असं ते नंतर कितीदा तरी सांगायचे. त्याच दुपारी त्यांनी पहिला अर्ज लिहिला. अर्ध्या पानाचा. ‘विषय : मोरीस कठडा बांधणेबाबत.’

पहिल्या कार्यालयानं दोन महिन्यांनी कळवलं, की चारी आमची आहे, पण मोरी रस्त्यासाठी बांधलेली असल्यानं ती रस्त्याकडची. दुसऱ्यानं कळवलं, रस्ता आमचा आहे, पण मोरी चारीवरची असल्यानं ती चारीकडची. तिसऱ्यानं कळवलं, हद्द निश्चित झाल्याशिवाय या कार्यालयास काही कळवता येत नाही. ही तिन्ही पत्रं दादांनी एकाखाली एक लावून ठेवलीत. आज वाचताना मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की तिन्ही पत्रं आपापल्या जागी खरी आहेत. कुणी खोटं बोललेलं नाही. कुणी पैसे मागितले नाहीत. भ्रष्टाचाराबद्दल बोलायला आपल्याकडे भरपूर शब्द आहेत आणि चीडही आहे. पण ज्या वस्तूचा ताबाच कुणाकडे नाही, तिच्यापायी चिडायचं तरी कुणावर? कठडा नसलेल्या मोरीवरून शाळेची पोरं रोज सायकली घेऊन जात होती आणि तिन्ही कार्यालयांत काम नियमानं चाललं होतं.

महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे. त्याचं नाव लांबलचक आहे, शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. एका टेबलावर कोणतीही नस्ती, म्हणजे फाईल, कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त राहता कामा नये, असं त्यात लिहिलेलं आहे. दादांना तो कायदा आल्याचा मनापासून आनंद झाला होता, कारण गठ्ठ्याखाली कागद कसे मरतात ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. अंतिम निर्णयालाही त्या कायद्यात मुदत आहे. पण ‘हा विषय आमचा नाही’ हासुद्धा एक निर्णयच असतो आणि तो अगदी वेळेत देता येतो. दादांच्या काही अर्जांना सात दिवसांत उत्तर आलेलं आहे.

२०१२ मध्ये त्यांनी माहिती अधिकाराखाली अर्ज केला. महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, मग २००५ मध्ये केंद्राचा आला. त्याच्या मागे राजस्थानातल्या मजुरांची लढाई होती. १९९६ मध्ये ब्यावरला ते चाळीस दिवस धरणं धरून बसले होते. आमच्या हजेरीपटावर कुणाकुणाची नावं आहेत आणि किती मजुरी दाखवलीय, ते आम्हाला बघू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. हजेरीपट म्हणजे काय हे रोजगार हमी पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. देशाचा एवढा मोठा कायदा मजुरीच्या हिशेबातून उगवला, हे मला अजूनही थक्क करतं.

सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर बसणाऱ्याकडून दादांनी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट घेतलं आणि जिभेनं ओलं न करता डिंकानं चिकटवलं. नाशिक रोडला १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, पोस्टाची, महसुलाची, कोर्ट फीची तिकिटं छापणारा. आमच्या नात्यातली दोन माणसं तिथे कामाला होती, त्यामुळे कुठलंही तिकीट आमच्या घरात जरा मानानं हाताळलं जायचं.

अर्जात त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त नस्तीचं अवलोकन मागितलं. ‘प्रश्न विचारला की उत्तर मिळतं,’ ते मला म्हणाले, ‘नस्ती मागितली की काय झालं ते कळतं.’ पुढे २०१८ मध्ये राज्य शासनानं परिपत्रक काढून दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू देण्याची सोय केली. २०१२ मध्ये मात्र तारीख मिळेपर्यंत थांबावं लागलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले.

एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार, मध्ये भोकं पाडून ओवलेली नाडी. दादा पानं उलटत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. टिपणीच्या नवव्या पानावर ते थांबले. हातानं लिहिलेल्या चार ओळी होत्या. ‘जागेवर समक्ष पाहणी केली. अर्जदाराचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून आहे. मोरीस दोन्ही बाजूंनी कठडा अत्यावश्यक. अंदाजपत्रक सोबत.’ अंदाजपत्रक बेचाळीस हजारांचं होतं. खाली सही, सहीखाली पूर्ण नाव, हुद्दा, फेब्रुवारी २०१० मधली तारीख. आणि पुढच्या पानावर वेगळ्या अक्षरात, ‘सदर मोरी या कार्यालयाकडे हस्तांतरित झाल्याची नोंद आढळून येत नाही. सबब खर्च टाकता येणार नाही.’ त्याखाली नस्तीबंदचा शेरा.

बाहेर चहाच्या टपरीवर मी खूप चिडले. दोन वर्षांपूर्वीच सगळं माहीत होतं यांना, अंदाजपत्रकसुद्धा तयार होतं, तरी ती तीन पत्रं आपल्याला पाठवत राहिले! दादा चहा थंड होईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, ‘अगं, कुणीतरी इथून उठून मोरीवर जाऊन उभं राहिलं. आणि दिसलं ते तसंच लिहिलं.’ त्या शाखा अभियंत्याची एव्हाना दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली होती. दादांनी त्यांचा नवा पत्ता मिळवला आणि एक पोस्टकार्ड टाकलं. आपण जे लिहिलंत ते मी वाचलं, आभारी आहे, एवढाच मजकूर. उत्तर आलं नाही. पोस्टकार्डाला पोच नसते.

त्या टिपणीखाली नाव होतं म्हणून ते पत्र लिहिता आलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. आधी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्यानं कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होईल, हे बघावं लागायचं. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, असं एक देखणं वाक्य तिथे होतं. ते गेलं. आता ‘व्यक्तिगत’ हा एकच शब्द उरला आहे. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) मध्ये अजून आहे, पण लोकहित आहे की नाही हे ठरवणार तेच कार्यालय, आणि त्याविरुद्धचं दुसरं अपील माहिती आयोगापुढे वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. ‘जागेवर समक्ष पाहणी केली’ या वाक्याखालचं नाव व्यक्तिगत आहे, असं उद्या कुणी म्हणालं तर? नाव झाकलेली टिपणी म्हणजे कुणीच न केलेली पाहणी.

माझ्या लहानपणी पूर आला की दादा मला सायकलवर बसवून गंगेवर घेऊन जायचे. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) होळकर पुलावर ही गर्दी, आणि सगळ्यांची नजर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. १९६९ चा महापूर पाहिलेली म्हातारी माणसं त्याच मापात बोलायची आणि आजही गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्युसेकचे आकडे मोबाइलवर येतात, पण माणसं विचारतात, मारुती कुठवर बुडालाय? ते माप कुणाच्या परवानगीशिवाय कुणालाही वाचता येतं. २००८ च्या पुरानंतर शहरात निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, तीही गरजेचीच. पण ती नकाशावर आहे आणि नकाशा कार्यालयात. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये लिहिलंय, की सरकारनं कुणी विचारण्याची वाट न बघता आपली माहिती आपणहून लोकांपुढे मांडावी. मला ते कलम वाचलं की दुतोंड्या मारुती आठवतो. रस्त्याच्या, मोरीच्या, शाळेच्या खोलीच्या कडेला असा एक दगड असावा. हे कुणी बांधलं, कधी, किती रुपयांत, आणि पडलं तर कुणाला विचारायचं.

*

दादांच्या तेवीस अर्जांनी काय साधलं, हा प्रश्न भावानं एकदा त्यांना तोंडावर विचारला होता. दादांनी त्याला न्यायमूर्ती रानड्यांची गोष्ट सांगितली. रानडे आपल्या निफाडला जन्मले, १८४२ मध्ये. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची. रानडे आणि त्यांचे सहकारी सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवत. शेतसारा, दुष्काळ, न्यायदान, असा कुठलाही विषय असो, आकडेवारी गोळा करून, रात्री जागून मसुदे करत. तरुण गोखल्यांनी अशाच एका निवेदनासाठी खूप कष्ट घेतले आणि सरकारकडून दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं. गोखले खट्टू झाले. तेव्हा रानड्यांनी त्यांना समजावलं, की हे अर्ज नावाला सरकारच्या पत्त्यावर असतात, खरे लिहिलेले असतात ते आपल्या लोकांसाठी. या गोष्टींचा विचार कसा करायचा हे लोकांनी शिकावं म्हणून. आणि दुसरं कुठलंही फळ न मागता हे अनेक वर्षं करत राहावं लागणार आहे, कारण असलं राजकारण या देशाला नवं आहे.

भावाचं समाधान झालं नाही. माझंही तेव्हा झालं नव्हतं. रानड्यांपुढे परकं सरकार होतं, आपल्यापुढे आपणच निवडलेलं आहे, मग आपल्या सरकारला लिहिलेला अर्ज सरकारपर्यंतच पोचला पाहिजे, असं माझं म्हणणं होतं. आजही आहे. स्वतंत्र देशातल्या म्हाताऱ्या माणसानं सहा वर्षं अर्ज करून लोकशिक्षणावर समाधान मानावं, हे मला मान्य नाही. पण गेल्या नोव्हेंबरात, २०२५ मध्ये, तपोवनातली झाडं सिंहस्थातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, साधुग्रामासाठी, तोडायचा विषय निघाला आणि शेकडो नाशिककरांनी हरकती दिल्या, तेव्हा रानडे मला वेगळे दिसले. मीही माझी हरकत घेऊन गेले होते. माझ्यापुढे एक कॉलेजातली मुलगी होती. पाठीवर सॅक, कानात तार. तिनं कागद दिला आणि हात मागे न घेता म्हणाली, ‘सर, पोच?’ मला भर गर्दीत डोळे पुसावे लागले.

दादा फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात नाशिक महापालिकेची मुदत संपली.

महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, हे राज्यघटनेच्या २४३-यू कलमात आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली ती यासाठीच, की राज्याच्या मर्जीनं शहरांच्या निवडणुका लांबू नयेत. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा, असं होत होत नाशिकचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. आधीचं फेब्रुवारी २०१७ मधलं. २०१७ मध्ये सतरा वर्षांची असलेली मुलगी आपला पहिला नगरसेवक निवडायला सव्विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गेली. मधली जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक. कामाचा प्रस्ताव ठेवणारे तेच, महासभेच्या आणि स्थायी समितीच्या अधिकारात त्याला मंजुरी देणारे तेच आणि खर्च करणारेही तेच. त्या खुर्चीवर कितीही सचोटीचा माणूस बसला तरी ही रचना चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे. महासभेत गोंधळ व्हायचा, राजदंड पळवले जायचे, हे सगळं आम्ही पेपरात वाचलं आहे. पण तिथे एक जण मांडायचा आणि दुसरा उभा राहून विचारायचा, हे काम कुठल्या रस्त्याचं, दर एवढा का? ते गॅलरीतल्या पत्रकाराच्या वहीत उतरायचं. प्रशासकाच्या दालनात प्रश्न विचारायला दुसरी खुर्चीच नव्हती. सुमारे पंधरा लाख वस्तीचं शहर, २०११ च्या जनगणनेनुसार, आणि या काळात सिंहस्थाच्या तयारीचे मोठमोठे निर्णय व्हायचे होते.

*

मोरीचं सांगायचं राहिलं.

२०१५ च्या सिंहस्थाआधी शहरात रस्त्यांची कामं निघाली. आमचा रस्ता रुंद झाला आणि मोरीला दोन्ही बाजूंनी लोखंडी पाइपांचा कठडा आला. ठेकेदाराच्या माणसाला दादांनी विचारलं, तर तो म्हणाला, ‘यादीत होता काका, म्हणून केला.’ दादांच्या अर्जांमुळे झाला का, ते कुणालाच सांगता आलं नाही. दूधवाल्या भाऊनं पेढे आणले. आईनं सांजा केला. आणि नोव्हेंबरात दादांनी तेविसावा अर्ज दिला. पहिल्या परिच्छेदात आभार. दुसऱ्यात विनंती, की सदर मोरी व कठडा यांची नोंद मत्ता नोंदवहीत घ्यावी आणि नोंदीचा क्रमांक अर्जदारास कळवावा. मी म्हटलं, दादा, आता झालं की काम. ते म्हणाले, ‘कठडा झाला. ताबा कुठे झालाय?’ या अर्जाला उत्तर आलं नाही. ते पोस्टमनला विचारत राहिले, मग त्यांची नजर अधू झाली, मग त्यांनी विचारणं सोडलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये रात्री एका डंपरनं डाव्या बाजूचा कठडा उखडून टाकला. मी तक्रारीच्या ॲपवर फोटो टाकले. चौथ्या दिवशी हिरवी खूण आली, ‘निकाली’. बघायला गेले तर मोडका पाइप तसाच चारीत लोंबत होता. पुन्हा तक्रार केली, पुन्हा हिरवी खूण. तिसऱ्यांदा शेरा आला, संबंधित विभागास वर्ग. घरबसल्या तक्रार करता येणं ही मोठी सोय आहे, आईसारख्या गुडघे धरलेल्या बाईला तर फारच. पण त्या हिरव्या खुणेखाली सही नव्हती. मोरीवर जाऊन कुणी उभं राहिलं होतं का, याचा त्यात पत्ता नव्हता. शेजारच्या मुलांनी बांबू आडवे बांधून त्यांना लाल फडकी लावली आणि दोन पावसाळे त्यावर निघाले.

निवडणूक झाल्यावर मी आमच्या प्रभागातल्या एका नगरसेवकांकडे गेले. नाशिकमध्ये १२२ जागा आणि ३१ प्रभाग, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार जण. चौघांपैकी कुणाकडे जायचं, यावर घरात चर्चा झाली होती. चार माणसांवर सारखी सोपवलेली जबाबदारी माझ्या अनुभवात नेहमी पाचव्याकडे जाते, म्हणून मला ही पद्धत पटत नाही. पण भेटलेला माणूस नीट बोलला. म्हणाला, ‘ताई, पत्र देतो, पण मोरी नक्की कुणाकडे आहे तेवढं आधी बघून घ्या. नाहीतर माझं पत्रही फिरत राहील.’

म्हणून मार्चमधल्या एका सोमवारी दादांची फाईल पिशवीत घालून मी त्या तिसऱ्या कार्यालयात गेले, जिथे त्यांनी शेवटचा अर्ज दिला होता. खिडकीशी तिशीतली एक मुलगी होती. तिनं तेविसाव्या अर्जावरचा शिक्का पाहिला, अंगठ्यानं हलकेच पुसला आणि क्रमांक कागदावर उतरवून घेतला. ‘मॅडम, बसा. ह्या नंबरवरून सापडेल.’ मी पाऊण तास बाकावर बसले. ती आतल्या खोलीतून एक लांबट नोंदवही घेऊन आली, माझ्यासमोर उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

मोरी, चारीवरील. लोखंडी कठड्यासह. लांबी, रुंदी, अनुक्रमांक. मार्च २०१६ ची तारीख. शेऱ्याच्या रकान्यात दादांचं पूर्ण नाव आणि पुढे ‘यांच्या अर्जान्वये जागेवर खात्री करून नोंद घेतली’.

सहा वर्षं. ही ओळ लिहिली गेल्यावर दादा जवळजवळ सहा वर्षं जिवंत होते. मी तिला जावक विचारलं. तिनं त्या महिन्याचं रजिस्टर काढलं, पुढचा महिनाही पाहिला. ‘कळवलेलं दिसत नाही,’ ती म्हणाली. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. ‘वडील का?’ मी मान हलवली. तिनं न मागता त्या पानाची छायाप्रत काढली, साक्षांकित करून आणली आणि म्हणाली, ‘आता आमच्याकडे नाही असं नाही म्हणता येणार कुणाला. तुम्ही कठड्याचा अर्ज द्या, हा अनुक्रमांक टाकून.’

अर्ज मी तिथेच बाकावर बसून लिहिला. विषय तोच, दादांचाच. दुसरी प्रत केली. तिनं दोन्हींवर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि सही केली. मी म्हटलं, सहीखाली नाव लिहाल का? तिनं लिहिलं, सुटं सुटं, वाचता येईल असं.

घरी आले तेव्हा आई दारातच होती. छायाप्रत तिच्या हातात दिली. तिनं चष्मा लावून ती ओळ वाचली, मग दादांचं नाव पुन्हा वाचलं आणि कागद बराच वेळ मांडीवर धरून बसली. मी फाईल काढून चोविसावी प्रत लावायला घेतली. नाडी पुरेना. आई उठली, शिवणाच्या डब्यातून नवी लांब नाडी घेऊन आली आणि तिनं ती स्वतः ओवली.